दोन बोटांची नोकरी

मी काय काम करत होते, हे माझ्या नवऱ्याला अजून नीट सांगता येत नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की तो म्हणतो, “ती दवाखान्यात होती. लोकांसमोर बोटं हलवायची.” ऐकणारा मान डोलावतो आणि पावसापाण्याचं विचारतो. एकदा एका मामेसासऱ्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “पगार असतो ना त्याला?” होता. फार नव्हता, पण होता.

ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी सांगते. मी समुपदेशक. एका धर्मादाय दवाखान्यात आठवड्याचे चार दिवस डहाणूला आणि बुधवारी तलासरीला बसायचे. २०१४ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी मुंबईला जाऊन डोळ्यांच्या हालचालींचा उपचार शिकून आले. माझ्या वर्गातली बाकीची मंडळी माझ्या मुलीच्या वयाची होती. त्यांनी मला पहिल्या दिवशी चहावाली समजून दोन कप परत दिले.

आता उपचार काय, ते. माणसावर काही भयंकर बेतलं, म्हणजे अपघात झाला, मारहाण झाली, कुणी डोळ्यांदेखत गेलं, तर बहुतेकांच्या मनात ते हळूहळू जुनं होतं. काहींच्या मनात होत नाही. वर्ष उलटलं तरी ते आत्ता, या क्षणी घडतंय असंच त्यांना वाटतं. अशा माणसाला मी समोर बसवते, तो प्रसंग डोळ्यांपुढे आणायला सांगते आणि त्याच वेळी माझी दोन बोटं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवते. त्याने त्यांच्यामागे डोळे फिरवायचे, मान नाही. पंचवीस-तीस फेऱ्या झाल्या की थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि मी विचारते, “आता काय आलं?” जे येईल ते सांगायचं. पुन्हा बोटं. असं करता करता काही बैठकांनंतर आठवण राहते, पण तिची नांगी मोडते. हे का होतं यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. एक म्हणणं असं की डोक्याला एकाच वेळी दोन कामं दिली की जुन्या चित्राचा जोर उतरतो. मला ते पटतं, कारण फोडणी करताना मला नवऱ्याशी धड भांडता येत नाही. अर्थात हा उपचार सगळ्यांना लागू पडत नाही, आणि नीट शिकल्याशिवाय कुणी घरी करून बघू नये.

दवाखान्याबाहेर ‘डोळ्यांच्या हालचालींद्वारे मानसिक आघातावर उपचार’ अशी मोठी पाटी लागली, आणि पहिला महिनाभर माझ्याकडे आले ते सगळे मोतीबिंदूवाले. वाणगावच्या एका आजोबांना मी तीनदा समजावलं की डोळे तपासायची खोली शेजारी आहे. ते म्हणाले, “आता आलोच आहे तर फिरवा दोनदा.” फिरवली. “बेस,” म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

पहिला खरा रुग्ण आगर गावचा दामू तांडेल. होडी उलटून तासभर पाण्यात काढलेला, तेव्हापासून वर्षभर दर्यात उतरला नव्हता. मी बोटं फिरवायला लागले आणि दहाव्या फेरीला दामूचा चेहरा हिरवा पडला. तो उठला आणि खिडकीतून बाहेर भडभडून ओकला. “पन्नास वर्षं दर्यात काढली, कधी बोट लागली नाय,” तो तोंड पुसत म्हणाला, “आणि तुमची दोन बोटं लागली!” हे पुस्तकात होतं, कुणाकुणाला गरगरतं म्हणून. मग डोळ्यांऐवजी त्याच्या गुडघ्यांवर आळीपाळीने टपल्या मारत काम केलं. तोही मार्ग या उपचारात आहे. तीन महिन्यांनी तो मासेमारीला गेला आणि मला पापलेट आणून दिलं. पापलेट घ्यायचं नसतं, तसा नियम आहे. ते मी नियमात बसवलं आणि कालवणात घातलं.

खरी परीक्षा तलासरीला होती. आम्हाला शिकवलं होतं की खोली शांत हवी, दार बंद हवं आणि समोर रुग्ण सोडून कुणी नको. तलासरीच्या बाजूला दवाखान्यात एकटं कुणी येतच नाही. दाढ काढायला पाच जण येतात, एक दाढ दुखणारा आणि चौघं त्याला धरायला. एकट्याला पाठवणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं, असं तिथे मानतात. मी चार वर्षं माणसं खोलीबाहेर काढत होते आणि ती खिडकीतून परत आत बघत होती. या बाबतीत मी हट्टी होते आणि चुकत होते, हे मला निवृत्तीच्या जेमतेम काही महिने आधी कळलं. कळलं ते मंगलीमुळे. नाव बदललंय, बाकी सगळं तसंच आहे.

२०१८ची दिवाळी झाली आणि तलासरी आणि डहाणूच्या पूर्वेकडच्या गावांत जमीन हलायला लागली. एकदा हलली, मग थांबली, मग एका दिवसात दोनदा. भिंतींना भेगा पडल्या, माणसं अंगणात तंबू ठोकून राहू लागली. आमच्या उपचाराचा पायाच असा की धोका होऊन गेलेला असतो, फक्त मनाला ते अजून कळलेलं नसतं. इथे मी कुठल्या तोंडाने कुणाला सांगणार की झालं, संपलं? जमीन दर आठवड्याला मला खोटं पाडत होती. मग मी ‘संपलं’ हा शब्दच टाकला. ‘ते त्या दिवशी झालं. आत्ता, या घडीला, आपण इथे बसलोय,’ एवढंच म्हणायचे.

मंगली एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण होती. वय पस्तिसेक, नवरा हंगामात वीटभट्टीवर, घरात बारमाही पगार तिचाच. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मोठा धक्का बसला तेव्हा ती घरी चुलीवर भात शिजवत होती. छपराची कौलं कोसळली, ती बाहेर पळाली आणि वाचली. पण त्यानंतर चूल पेटलेल्या कुठल्याही छपराखाली तिचं पाऊल पडेना. शाळेचं स्वयंपाकघर म्हणजे लोखंडी खांबांवर हलके पत्रे आणि दोन बाजूंना दोन दारं, इंजिनिअरने तपासून ठीक म्हटलेलं. तरी मंगली रोज सकाळी वेळेवर यायची, खिडकीबाहेर पळी घेऊन उभी राहायची आणि तिथून स्वयंपाक चालवायची. आत तीनेकशे मुलांसाठी हेडसर आणि कवायतीचे मास्तर घामाघूम झालेले असायचे.

“आथा मीठ टाका! भातात नाय, डाळीत! भातात टाकलं ना मघा!”

हेडसर स्वतः मला भेटायला आले. तीन बोटांना पट्ट्या होत्या. “मॅडम, माझं एम.ए. मराठीत झालंय,” ते रडवेले होऊन म्हणाले. “काल पोरांनी भात खाल्लाच नाही. वरचे लोक म्हणतात, दुसरी बाई नेमा. मी कसंबसं होळीपर्यंत थांबवलंय. त्यापुढे माझ्या हातात नाही. बाई सोन्यासारखी आहे हो.” होळीला दोन महिनेसुद्धा नव्हते.

मंगली आली ती सासूला घेऊन. जेठीआजी, सत्तरीची, हातात काठी, डोळ्यांत मिरची. मंगली दवाखान्याच्या खोलीत यायला तयार नव्हती, म्हणून आम्ही आवारातल्या जांभळाखाली बसलो. मी पहिली फेरी सुरू केली आणि दहा सेकंदांत माझ्या लक्षात आलं की मंगलीच्या मागे औषधाच्या रांगेतली सगळी माणसं येऊन उभी आहेत आणि माझ्या बोटांबरोबर वीस-बावीस जणांचे डोळे डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे फिरतायत. एक जण तर मानही फिरवत होता. मी ओरडले, “मान नाही, फक्त डोळे!” आणि मग स्वतःलाच चिमटा काढला. सगळ्यांना लांब जायला सांगितलं. सगळे दोन पावलं लांब गेले.

जेठीआजी तेवढंही हलल्या नाहीत. “भगत पण असंच बघतो,” त्या म्हणाल्या. “पुन तो निदान तांदळाचे दाणे तरी टाकतो. तुमी नुसती बोटं.”

भीती किती, हे आम्ही आकड्यात विचारतो. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. मंगलीने विचार केला आणि धान्य मापावं तसं म्हणाली, “दोन पायली.” मी म्हटलं, शून्य ते दहामध्ये सांगा. ती म्हणाली, “दहात नाय मावत ती.” मी फाइलमध्ये ‘भीती : दोन पायली’ लिहिलं. मुंबईच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी ते वाचून फोन केला की हे एकक कुठल्या अभ्यासातलं. मी म्हटलं, स्थानिक आहे.

अजून एक पायरी असते. अवघड आठवणीत शिरण्याआधी मनाला टेकायला एक सुरक्षित जागा ठरवायची. मुंबईत लोक समुद्रकिनारा सांगतात, डोंगर सांगतात. मंगली म्हणाली, “एस्टीत खिडकीची जागा. तिकीट काढलेलं. कोण उठवणार नाय.” मी इतक्या वर्षांत याहून चांगली जागा ऐकली नाही.

तिसऱ्या बुधवारी तिच्या मनातली खरी गाठ बाहेर आली. मी बोटं थांबवली आणि विचारलं, “आता काय आलं?” मंगली खाली बघत म्हणाली, “माझे पाय आले. पळणारे. आयस, ही माझी सासू, आतल्या खोलीत निजलेली. मी तिला सोडून पळाले, मॅडम. अंगणात उभी राहिले, कौलं पडताना बघितली, पुन आत नाय गेले. मग ती घराच्या बाजूनं काठी टेकत आली. एकटी. म्हातारी जीव वाचवून एकटी आली आणि मी वाईट बाई अंगणात उभी.”

म्हणजे भीती कौलांची कमी होती आणि स्वतःची जास्त. चूल, छप्पर आणि भाताचा वास एकत्र आले की ती पुन्हा ‘सोडून पळणारी’ व्हायची. सासू शेजारीच बसलेली होती. त्या बिचारीला हे ऐकून काय वाटत असेल, या विचाराने मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या जांभळाच्या शेंड्याकडे बघत होत्या.

“आजी, तुम्हाला काही म्हणायचंय का मंगलीला?” मी हळुवार विचारलं. माझी अपेक्षा होती की त्या सुनेच्या डोक्यावरून हात फिरवतील.

“तंबाखू आहे का कुणाकडं?” आजी म्हणाल्या.

मी मनात त्यांना दगड म्हटलं. त्यातच मंगलीच्या जावेने मला सांगितलं की त्या दिवसापासून मंगली सासूची पूजाच करते. पहिला चहा सासूला, सुक्या बोंबलांतले चांगले सासूला, संध्याकाळी पाय चेपणं वेगळं. आणि म्हातारी निमूट सगळं करून घेते. मी ठरवलं की या बाईला बैठकीपासून लांब ठेवायचं. तीन बुधवार मी प्रयत्न केला. कधी रक्तदाब तपासायला पाठवलं, कधी चहा मागवायला. रक्तदाब तपासून त्या माझ्याआधी जागेवर हजर.

तरी काम पुढे सरकत होतं. दोन पायलीची एक झाली, एकीची अर्धी झाली. जांभळाखालून आम्ही ओसरीवर आलो. होळीच्या पंधरा दिवस आधी एका बुधवारी मंगली प्रथमच खोलीत आली, खुर्चीवर बसली आणि छताकडे एकदा बघून म्हणाली, “चालवा.” जेठीआजी मागोमाग येऊन भिंतीशी टेकल्या होत्याच. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. मी फाइल मांडीवर घेतली, बोटं वर केली आणि म्हटलं, “मंगलीताई, आत्ता, या घडीला, आपण इथे सुरक्षित बसलोय.”

आणि जमीन हलली.

खाली कुणीतरी जड पिंप लोळवतंय असा आवाज आला, कपाटाची काच थरथरली. पुढचं मला सलग आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी आवारातल्या हातपंपाजवळ अनवाणी उभी होते, चष्मा नाकाच्या टोकावर आला होता आणि दोन्ही हातांनी मंगलीची फाइल छातीशी धरली होती. पाच वर्षांचा अनुभव, प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं, आणि आघातावर उपचार करणारी बाई रुग्णाला खोलीत टाकून सगळ्यात आधी बाहेर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात दारातून मंगली बाहेर आली. एका हातात सासूचा दंड, दुसऱ्या हातात माझ्या चपला. दोघी चालत आल्या. त्यांनी मला पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं. आणि जेठीआजी काठीवर रेलून हसायला लागल्या. त्यांच्या तोंडात तीनच दात आहेत, ते तिन्ही दिसले.

“कागद घेऊन पळाली!” त्या मला बोट दाखवत म्हणाल्या. “दोन जिवंत माणसं ठेवली आणि कागद घेऊन पळाली!”

“आजी, मला माफ करा,” मी म्हटलं. “मला सुचलंच नाही.”

“कसं सुचेल? कुणाला सुचतं? माना, या जेठीला, तरी कुठं सुचलं?” हसता हसता त्यांचा आवाज बदलला. त्यांनी मंगलीच्या हातातून दंड सोडवून घेतला आणि काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. “मंगले, कौलं पडली तवा मी आत नव्हतेच. पयला हिसका बसला तधवाच मी मागच्या दारानं बाहेर. अंड्यावर बसलेली कोंबडी उचलली आणि पळाले. तू चुलीपाशी होतीस ते माना दिसत होतं. तुला हाक नाय मारली. कोंबडी घेतली.”

औषधाची रांग दोन पावलं जवळ आली.

“मग ती कोंबडी कुठं होती?” मंगलीने विचारलं. “तू आलीस तवा तुझ्या हातात नव्हती.”

“शेजारच्या कुडामागं सोडली,” आजी म्हणाल्या. “लाज वाटली.”

आता माझ्या पुस्तकांप्रमाणे मंगलीने सासूला मिठी मारायला हवी होती. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “दीड महिना मी तुझे पाय चेपते, आये.”

“बेस चेपतेस,” आजी पुटपुटल्या.

मंगलीने माझ्या चपला माझ्या पायांशी ठेवल्या, पदर खोचला आणि सरळ रस्त्याला लागली. सासूला न घेता. आजींना मी रिक्षात बसवून दिलं. रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, “रोज वाटायचं सांगावं. पुन चहा फार बेस करायला लागली होती.” त्या रडत होत्या. त्यांना मी दगड म्हटलं होतं, याची लाज मला त्या दिवशी वाटली आणि अजून वाटते. मी माणसांना खोलीबाहेर काढत राहिले असते, तर या घरातलं दुसरं अर्धं दुखणं बाहेर रक्तदाब मोजत बसलं असतं.

पुढच्या बुधवारी मंगली एकटी आली. दोन माणसांनी मला येऊन सांगितलं की बाई एकटी आलीय, काहीतरी बिघडलंय. घरात चार दिवस अबोला होता. पाचव्या दिवशी, ती म्हणाली, सासू स्वतः उठून तिच्यासाठी चहा करायला बसली आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. “तो मी प्याले,” मंगली म्हणाली. “पूर्ण.” आणि ती खुर्चीवर बसली.

मी म्हटलं, त्या रविवारचं चित्र आणा. बोटं फिरवली. “आता काय आलं?”

“कौलं.” पुन्हा फिरवली. “माझे पाय.” पुन्हा. मंगलीचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं, रडणार. “मॅडम,” ती म्हणाली, “मी पुढच्या दारानं पळते ना, तर मागच्या दारानं ती पळते. काखेत कोंबडी. आणि हातपंपावर तुमी. कागद घेऊन.” आणि ती हसायला लागली. मी आणखी एक फेरी केली, पुन्हा कोंबडी. आणखी एक, परत कोंबडी. शेवटी मलाच हसू आवरेना आणि बोटं सरळ रेषेत राहीनात. नियमाप्रमाणे मी विचारलं की त्या दिवसाबद्दल, स्वतःबद्दल आता काय वाटतं. तिने डोळे पुसले. “सगळेच पळाले,” ती म्हणाली. “मी एकटी वाईट नाय. पाय पळतात. पुन आमच्या घरात आथा ठरलंय, पळायचं तर हाक मारत पळायचं.”

होळीला चार दिवस होते तेव्हा हेडसरांचा फोन आला. त्यांना धड बोलता येत नव्हतं. “मॅडम, या. आत्ता या. ती आत गेली.”

मी रिक्षा करून आश्रमशाळेत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीशी हेडसर उभे होते, जिथे इतके दिवस मंगली उभी असायची. आत मंगली मोठ्या टोपात डाळ घोटत होती. मी खिडकीतून बघत राहिले. वाफेने तिचा चेहरा दिसत नव्हता, आवाज मात्र शाळाभर ऐकू जात होता.

आणि तेव्हाच एक बारका हिसका बसला. पत्रे खडखडले. मंगली बाहेर पळाली. पळताना ती ओरडत होती, “सर! कुसुम! सखू! बाहेर! आये, बाहेर!” सासू तीन मैलांवर होती, तिलाही हाक. कुसुम आणि सखू या वाढपी बाया तिच्या मागे आल्या. सगळे मैदानात उभे राहिले. मंगलीने बोटाने एक एक माणूस मोजला. जमीन थांबली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो आणि हेडसरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की आता पळी परत त्यांच्याच हातात येणार.

मंगलीने पत्र्यांकडे एकदा नीट पाहिलं. खांब पाहिले. दोन्ही दारं पाहिली. “डाळ लागंल खाली,” ती म्हणाली आणि आत गेली.

कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. मी तर नाहीच. मी तिथे मैदानात उभी राहून रडले, हेडसरांसमोर, वर्गांतून बाहेर आलेल्या सगळ्या मुलांसमोर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

थोड्या वेळाने आतून तिची हाक आली. “मॅडम, उन्हात काय उभ्या? आत या. ताट वाढलंय.”

खरं सांगते, माझे पाय उचलत नव्हते. मी हेडसरांकडे पाहिलं, त्यांनी दुसरीकडे पाहिलं. मग गेले. पाटावर बसले. पहिला घास तोंडात घातला आणि माझे डोळे आपोआप वर पत्र्यांकडे गेले, डाव्या कोपऱ्याकडे, उजव्या कोपऱ्याकडे, परत डाव्या.

“वर काय बघता?” मंगली म्हणाली. “ताटात बघा.” आणि तिने माझ्या भातावर आणखी एक पळी डाळ ओतली.